वाचकांचे प्रश्न : जुन्या गोव्यात, संत कॅथरिनच्या दारी

हिवाळा तोंडावर आला की गोव्याची पत्रं सुरू होतात. यंदा त्यांतली बरीच जुन्या गोव्याबद्दलची आहेत, आणि दोन-तीन वाचकांनी तिथल्या एका लहानशा, सहसा वगळल्या जाणाऱ्या वास्तूबद्दल विचारलं आहे. म्हणून या वेळचा स्तंभ तिच्याभोवती.

जुन्या गोव्यासाठी आमच्याकडे एकच दिवस आहे. बॉम जीझस आणि से कॅथेड्रल ठरलेलं आहे. संत कॅथरिनचं चॅपेल बघण्यासारखं आहे का? सापडतं कुठे? (एक वाचिका, सातारा)

बघण्यासारखं आहे, पण सोन्याचा झगमगाट अपेक्षित धरून गेलात तर पाच मिनिटांत हिरमुसून परत याल. एकच वेदी, दोन बाजूंना दोन बुटके मनोरे आणि जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, एवढाच ऐवज. महत्त्व आहे ते जागेचं.

पोर्तुगीज गव्हर्नर आफोंसो द आल्बुकर्कने विजापूरच्या आदिलशाहीकडून गोवा १५१० मध्ये दोनदा घेतलं. वर्षाच्या सुरुवातीला घेतलेलं शहर मे महिन्यात त्याला सोडावं लागलं. २५ नोव्हेंबरला तो पुन्हा आला आणि या खेपेला शहर पोर्तुगीजांकडे राहिलं ते थेट १९६१ पर्यंत. २५ नोव्हेंबर हा अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरिनचा सण. त्यामुळे ती नव्या पोर्तुगीज गोव्याची आश्रयदाती संत ठरली, आणि ज्या वेशीतून सैन्य आत शिरलं त्या जागी त्याच वर्षी तिच्या नावाने चॅपेल उभं राहिलं. त्याच विजयानंतर शहरातल्या मुसलमान रहिवाशांची कत्तल झाली. खुद्द आल्बुकर्कने राजाला लिहिलेल्या पत्रात ती नोंदवली आहे. चॅपेलसमोर उभं राहताना दोन्ही गोष्टी माहीत असाव्यात.

भिंतीतला पोर्तुगीज शिलालेख चुकवू नका. त्याचा आशय असा : या ठिकाणी तो दरवाजा होता, ज्यातून गव्हर्नर आल्बुकर्कने आत शिरून १५१० साली संत कॅथरिनच्या दिवशी हे शहर घेतलं, तिच्या सन्मानार्थ आणि स्मरणार्थ गव्हर्नर जॉर्ज काब्राल याने १५५० मध्ये राजाच्या खर्चाने ही वास्तू बांधवली. पोर्तुगीज येत नसली तरी आकड्यांच्या आधारे वाचा. १५१० आणि १५५० हे दोन आकडे सापडले की मधला मजकूर कशाबद्दल आहे ते कळतं. म्हणजे १५१० चं चॅपेल १५५० मध्ये नव्याने बांधलं गेलं; आणि आज दिसते ती वास्तू १९५२ मध्ये पुन्हा बांधलेली आहे, हेही लक्षात असू द्या.

आता वाट. पणजीपासून जुनं गोवं पूर्वेला साधारण दहा किलोमीटर. पणजीच्या कदंब बसस्थानकावरून जुन्या गोव्याच्या किंवा फोंड्याच्या दिशेने जाणारी बस पकडावी. रेल्वेने येणाऱ्यांना कोकण रेल्वेचं करमळी स्थानक सर्वांत जवळ. मोठ्या रस्त्याच्या एका अंगाला बॉम जीझस आणि दुसऱ्या अंगाला हिरवळीवर से कॅथेड्रल. सेचं तोंड पूर्वेला आहे. बहुतेक लोक तिथे पुढून जातात, पुढूनच परततात, आणि इथेच चॅपेल चुकतं. सेला वळसा घालून मागे जा, संत फ्रान्सिस असिसीचं चर्च आणि त्याला लागून असलेलं पुरातत्त्व संग्रहालय मागे टाका आणि पश्चिमेकडेच चालत राहा. दार बंद असलं तर चिडू नका. दर्शनी भाग आणि परिसर बाहेरूनही नीट पाहता येतो.

क्रम सुचवायचा तर चॅपेल आधी आणि से नंतर. उलट केलंत तर चॅपेल फिकं वाटतं. संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, तेही हिशेबात धरा.

चॅपेलही संत कॅथरिनचं आणि कॅथेड्रलही तिचंच, असं का? आणि चॅपेल, चर्च, कॅथेड्रल, बॅसिलिका यांत नेमका फरक काय? (एक वाचक, नाशिक)

फरक आकाराचा नाही, हुद्द्याचा आहे. ज्या चर्चमध्ये बिशपचं अधिकृत आसन असतं ते कॅथेड्रल. ‘कॅथेड्रा’ म्हणजे आसन, आणि पोर्तुगीजमधल्या ‘से’ चाही अर्थ तोच. म्हणून ‘से कॅथेड्रल’ हा शब्द जरा ‘पिवळा पीतांबर’ छापाचा आहे, पण आता रूढ झाला. बॅसिलिका ही पोपने दिलेली पदवी. बॉम जीझसला ती १९४६ मध्ये मिळाली. चर्च, म्हणजे गोव्याची इगर्ज, ही एका धर्मग्रामाची, म्हणजे ठरलेल्या परिसरातल्या ख्रिस्ती कुटुंबांची असते. तिथे फादर नेमलेला असतो, बाप्तिस्म्याची आणि लग्नाची दप्तरं असतात. चॅपेलला, गोव्याच्या बोलीत कपेलाला, स्वतःचं असं धर्मग्राम नसतं. ते एखाद्या वस्तीचं असेल, मठातलं असेल किंवा एखाद्या घटनेच्या स्मरणार्थ बांधलेलं असेल.

आता गंमत पाहा. हे एवढंसं चॅपेल १५३४ मध्ये पोप तिसरा पॉल याच्या फर्मानाने कॅथेड्रल झालं होतं. पूर्वेकडच्या अफाट पोर्तुगीज मुलखाचं बिशपपद काही काळ या छपराखाली होतं. ते तोकडं पडायला लागलं म्हणून सध्याच्या सेचं काम १५६२ मध्ये सुरू झालं. मुख्य इमारत १६१९ मध्ये झाली, वेद्या पुऱ्या व्हायला १६५२ उजाडलं. हुद्दा नव्या इमारतीत गेला तशी संतही गेली. लहान घरातून मोठ्या घरात बिऱ्हाड हलवावं तसं. सेला पूर्वी दोन मनोरे होते, त्यांतला एक १७७६ मध्ये कोसळला आणि पुन्हा बांधलाच नाही. उरलेल्या मनोऱ्यातल्या मोठ्या घंटेला ‘सोनेरी घंटा’ म्हणतात. ते नाव तिच्या नादावरून पडलं आहे, धातूवरून नाही.

आम्ही हिंदू आहोत. आत गेल्यावर नेमकं कसं वागायचं? चपला काढायच्या का? डोकं झाकायचं का? (एक वाचिका, कोल्हापूर)

जुन्या गोव्यातल्या चर्चमध्ये चपला काढायची प्रथा नाही. दाराशी जोडे नसले म्हणून गोंधळू नका. पुरुषांनी टोपी काढावी. स्त्रियांवर डोकं झाकायची सक्ती नाही. खांदे आणि गुडघे मात्र झाकलेले हवेत, पुरुषांचेही. समुद्रावरून थेट येणाऱ्यांची गाडी इथेच अडते; पिशवीत एक ओढणी किंवा पंचा ठेवला की काम भागतं.

दाराजवळ भिंतीत किंवा खांबावर दगडी वाडगं असतं. त्यात आशीर्वादित पाणी असतं. कॅथलिक माणूस बोटाचं टोक बुडवून क्रूसाची खूण करतो. तुम्ही नाही केलीत तरी चालतं. लहान मुलं त्यात हात खळबळतात, तेवढं सांभाळा.

वेदीच्या आसपास लाल दिवा तेवत असेल तर जवळच एक छोटी कुलूपबंद पेटी असते. अभिमंत्रित ख्रिस्तप्रसाद, म्हणजे प्रार्थनाविधीत वाटतात त्या पातळ चकत्या, तिच्यात ठेवलेला असतो. दिवा पेटता असेल तर कॅथलिक लोक समोरून जाताना उजवा गुडघा जमिनीला टेकवतात. दिवा नसेल तर वेदीपुढे नुसती मान लववतात. तुम्ही क्षणभर थांबून मान लववलीत तर पुरे. कठडा किंवा दोरी ओलांडून वेदीजवळ जायचं नाही, मग आत कुणी असो वा नसो.

बाकांचं सांगायला हवं. प्रत्येक बाकाच्या पायाशी, मागच्या रांगेसाठी एक आडवी फळी असते, कधी गादीची, कधी नुसती लाकडी. ती गुडघे टेकायला आहे. पाहुणे बसतात आणि बूट त्या फळीवर ठेवतात. मागून येणारी आजी त्याच मातीवर गुडघे टेकते.

मिस्सा, म्हणजे फादर चालवतात तो सामूहिक प्रार्थनाविधी, चालू असेल तर मागच्या बाकावर बसा. सगळे उभे राहिले की उभं राहावं, बसले की बसावं. ते गुडघे टेकतात तेव्हा तुम्ही शांत बसून राहिलात तरी कुणी वाईट मानत नाही. मिस्सेत हिंडून मूर्ती बघू नयेत. निघायचंच असेल तर प्रवचन संपल्यावर, गाणं सुरू असताना, कडेने निघा. रविवारची सकाळ मिस्सेची असते, म्हणून वास्तू बघायला आलेल्यांनी ती टाळलेली बरी.

मिस्सेत प्रसाद वाटतात तो आम्ही घ्यावा का? (एक वाचक, पुणे)

नाही. घोटाळा शब्दामुळे होतो. कोकणीत त्याला ‘क्रिस्तप्रसाद’ म्हणतात, आणि आपल्याला प्रसाद नाकारणं हाच अपमान वाटतो. इथे उलट आहे. कॅथलिक श्रद्धेनुसार ती चकती म्हणजे प्रत्यक्ष ख्रिस्ताचं शरीर. बाप्तिस्मा झालेला आणि तयारीनिशी आलेला कॅथलिकच ती घेतो. रांग सुरू झाली की जागेवर बसून राहा, शेजारच्याला वाट द्यायला पाय तेवढे आवरा. चुकून रांगेत उभे राहिलात तर दोन्ही हात छातीवर फुलीसारखे धरा. फादर नुसता आशीर्वाद देतात. आणि चकती हातात पडलीच तर घरच्यांसाठी म्हणून रुमालात बांधू नका. तिथल्या तिथे फादरच्या हाती परत द्या आणि ‘मी कॅथलिक नाही’ एवढं सांगा.

नवस बोलला होता. नारळ-हार चालतो का? मेणबत्ती आत लावायची की बाहेर? (एक वाचिका, सावंतवाडी)

नारळ फोडायचा नाही. फुलं आणि मेणबत्ती चालते. मेणबत्तीसाठी बहुतेक ठिकाणी बाहेर किंवा कडेला लोखंडी घडवंची असते, तिथेच लावावी. आतल्या वेद्या लाकडाच्या आहेत आणि त्यांवर सोन्याचा वर्ख आहे. काजळी त्यावर बसली की पुसून जात नाही, पुसायला गेलं तर वर्खच निघतो. आगीची भीती वेगळीच.

लावायची रीत साधी, पण वाऱ्यात फजिती होते. काडीच्या नादी न लागता शेजारच्या जळत्या मेणबत्तीवर वात पेटवा. मेणबत्ती तिरपी धरून चार-पाच थेंब पत्र्यावर पाडा, बूड त्या ओल्या मेणावर दाबा आणि मनात दहा आकडे मोजेपर्यंत धरून ठेवा. थेंब कमी पडले किंवा हात लवकर सोडला की ती कलंडते आणि शेजारच्या दोघांच्याही विझवते.

बाहेर मेणाचे हात, पाय, डोळे, बाहुल्याही विकायला असतात. ज्या अवयवाला आराम पडावा म्हणून नवस, त्याची मेणाची प्रतिकृती अर्पण करायची, अशी रीत आहे. आपल्याकडे देवाला चांदीचे डोळे वाहतात त्याच जातीची.

नवस फेडायची कॅथलिक पद्धत हवी असेल तर चर्चच्या कार्यालयात जाऊन तुमच्या हेतूसाठी मिस्सा सांगता येते. वहीत नाव आणि कारण लिहून घेतात, ऐच्छिक दान देतात. त्यासाठी ख्रिस्ती असण्याची अट नाही. एक सांगून ठेवतो : संताची पूजा होत नाही, संताला आपल्यासाठी देवाकडे रदबदली करायला सांगितलं जातं. कार्यालयात ‘पूजा सांगायची आहे’ म्हणालात तरी समजून घेतील, पण ‘मिस्सा’ म्हणालात तर काम लवकर होईल.

इतक्या मूर्ती असतात, कोण कुठला संत ते ओळखायचं कसं? गाइड प्रत्येक ठिकाणी वेगळंच सांगतो. (एक वाचक, रत्नागिरी)

चेहरा बघू नका, हातात आणि पायाशी काय आहे ते बघा. शंख-चक्र दिसलं की विष्णू, तसंच हे शास्त्र आहे.

कॅथरिनची खूण म्हणजे चाक, बहुधा मोडकं आणि कडेला खिळे असलेलं. कथा अशी की चौथ्या शतकाच्या सुरुवातीला अलेक्झांड्रियातल्या या राजघराण्यातल्या विदुषीने सम्राटाला ख्रिस्ती लोकांच्या छळाबद्दल जाब विचारला. तिला हरवायला त्याने पन्नास तत्त्वज्ञ बोलावले, तर वादात तेच हरले. मग तिला काटेरी चाकावर घालायचा हुकूम झाला, पण चाकच फुटलं. शेवटी तलवारीने शिरच्छेद झाला आणि देवदूतांनी तिचा देह सिनाई पर्वतावर नेला. यावरून तिची सगळी सामग्री जुळते : राजकन्या म्हणून मुकुट, विदुषी म्हणून पुस्तक, मरणाची तलवार, हौतात्म्याची झावळी, कधी पायाखाली सम्राट. तत्त्वज्ञ, विद्यार्थी, अविवाहित मुली आणि चाकावर पोट असलेले कारागीर तिला आपली मानतात. तिच्या ऐतिहासिकतेबद्दल शंका असल्याने १९६९ मध्ये रोमने तिचा सण सार्वत्रिक दिनदर्शिकेतून काढला होता; २००२ मध्ये तो परत आला. पोर्तुगीज भारताच्या राजचिन्हातही हेच चाक होतं, ते अशोकचक्र किंवा जहाजाचं सुकाणू नव्हे.

हे लक्षात ठेवून सेच्या मुख्य वेदीसमोर उभं राहा. वेदीमागची ती उंच सोनेरी कोरीव चौकट लांबून नुसती नक्षी वाटते. थोडं पुढे जाऊन एकेक खण वेगळा बघितला की त्यांत कॅथरिनच्या आयुष्यातले प्रसंग आहेत हे ध्यानात येतं. सकाळी डोळे बाहेरच्या उन्हातून आलेले असतात, म्हणून दोन-तीन मिनिटं बाकावर बसा. अंधाराला नजर सरावली की लाकडातल्या घड्या उठून दिसतात.

बाकीचे थोडक्यात. किल्ल्या म्हणजे पीटर, तलवार आणि पुस्तक म्हणजे पॉल. अंगात बाण रुतलेला तरुण सेबास्तियन. लोखंडी जाळी धरलेला लॉरेन्स, कारण त्याला जाळीवर भाजून मारलं. मांडीवरची जखम दाखवणारा आणि पायाशी कुत्रा असलेला रॉक. बाळ येशूला घेतलेला, लिलीची फुलं असलेला अंथनी. तळहातावर जखमांच्या खुणा असलेला तपकिरी झग्यातला फ्रान्सिस असिसीचा. आणि पांढऱ्या मलमलीसारख्या अंगरख्यातला, क्रूस उंचावलेला फ्रान्सिस झेवियर. या दोन फ्रान्सिसांची गल्लत सर्वांत जास्त होते. तलवारीवरून पॉल आणि कॅथरिन यांत घोटाळा व्हायचं कारण नाही, दाढी कुणाला आहे ते दिसतंच.

आत फोटो काढू देतात का? (एक वाचक, ठाणे)

दारावरची पाटी वाचा; नियम जागेनुसार वेगळे आहेत. तिपाई लावायची तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते. वेदीकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढणं टाळा, अडवाअडवी होते ती यावरूनच. फ्लॅश बंद ठेवा. प्रार्थनेला बसलेल्यांच्या डोळ्यांवर तो येतो, शिवाय वर्खावर आपटून फोटोत पांढरा डाग तेवढा उरतो. फोन बाकाच्या पाठीवर टेकवून, श्वास रोखून, दोन सेकंदांचं टायमर लावून काढा.

कॅथरिनच्या सणाला जावं की झेवियरच्या फेस्ताला? झेवियरचं शव दिसतं का? (एक वाचिका, बेळगाव)

दोन्ही सण आठवड्याभराच्या अंतरात आहेत. झेवियरचं फेस्त ३ डिसेंबरला, कारण १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या सांच्वान बेटावर तो वारला तो हा दिवस. त्याआधी नऊ दिवसांची प्रार्थना, म्हणजे नोव्हेना, २४ नोव्हेंबरपासून असते. म्हणजे २५ नोव्हेंबरला, कॅथरिनच्या दिवशी, जुनं गोवं नोव्हेनेच्या दुसऱ्या दिवसाच्या गर्दीत असतं. फेस्ताचा माहोल, मंडपातल्या मिस्सा, खाजाची दुकानं हवी असतील तर ३ डिसेंबर. वास्तू बघायच्या असतील तर दोन्ही तारखा सोडून जानेवारी-फेब्रुवारीतला साधा वार बरा.

शव एरवी बॉम जीझसमध्ये, चांदीच्या पेटीत, उंच संगमरवरी समाधीवर असतं. समाधी फ्लोरेन्सच्या जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याने केलेली, तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने दिलेली, १६९८ मध्ये बसवलेली. खालून फार काही दिसत नाही. जवळून दर्शन दहा वर्षांतून एकदा, तेव्हा पेटी सेमध्ये नेतात. मागचं दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झालं, प्रथेप्रमाणे पुढचं २०३४ च्या अखेरीस.

बॉम जीझस लाल उघडी आणि से पांढरी, असं का? (एक वाचक, चिपळूण)

चिपळूणकरांना जांभा नवा नाही. खाणीतून काढताना मऊ, वारा लागला की टणक, पण कायम सच्छिद्र. म्हणून गोव्याची चर्च चुन्याच्या गिलाव्याने झाकलेली असत आणि गिलावा वरचेवर नवा करत. गिलावा हा जांभ्याचा रेनकोट. बॉम जीझसचा गिलावा १९५० च्या दशकात, जुना दगड दिसावा या हौसेने, खरवडून काढला. तेव्हापासून पावसाचं पाणी थेट चिऱ्यात मुरतं आणि पृष्ठभाग झिजतो. लोकांना तो लालपणा मूळचाच वाटतो आणि फोटोत सुंदरही दिसतो, पण बांधणाऱ्यांच्या मनातलं रूप ते नव्हे. दर्शनी भागावरचं काळ्या दगडाचं बारीक कोरीवकाम मात्र बऱ्यापैकी टिकलंय. तो बेसाल्ट, वसईहून समुद्रमार्गे आणलेला. जांभ्यात अशी नाजूक रेघ धरत नाही.

भिंतीला टेकून उभं राहू नका, हाताला लाल भुकटी लागली तर ती इमारतच असते. आणि पावसाळ्यात गेलात तर चॅपेलकडच्या वाटेवर जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. रबरी तळ असला तरी पाऊल आडवं टाका.